‘सौजन्य : सोशल मीडिया’ असे कुणाचेही नाव नसते

व्हिडिओच्या कोपऱ्यातले नाव काढायला फारसे काही करावे लागत नाही. फ्रेम १०० वरून १२० टक्क्यांवर न्यायची, जराशी बाजूला सरकवायची, की नाव पडद्याबाहेर जाते. नाव मधोमध असेल तर त्यावर धूसर पट्टी ओढायची. मी काही वर्षे एका वृत्तवाहिनीच्या एडिटिंग टेबलवर काम केले आणि हे कितीतरी वेळा केले. चोरी करायला कुणीच सांगत नव्हते. ‘फ्रेम क्लीन कर’ एवढेच सांगायचे. तो शब्द तेव्हा खटकला नाही, आज खटकतो. कारण त्या भाषेत चित्रण करणाऱ्याचे नाव हा मळ ठरत होता, आणि तो पुसून झाला की त्याच कोपऱ्यात आमच्या वाहिनीचा लोगो बसत होता.

क्लीन केलेल्या फ्रेमवर मग एक बारीक ओळ यायची : ‘सौजन्य : यूट्यूब’. घाईत असलो तर ‘सौजन्य : सोशल मीडिया’. ही ओळ आजही रोज कुठल्या ना कुठल्या पडद्यावर दिसते. मला तिच्यातले दोन्ही शब्द चुकीचे वाटतात. यूट्यूबने काही चित्रित केलेले नसते. पुस्तकातला उतारा घ्यावा आणि खाली लेखकाऐवजी ग्रंथालयाचे नाव लिहावे, तसा हा प्रकार आहे. आणि ‘सौजन्य’ म्हणजे समोरच्याने भलेपणाने दिले, असा त्याचा अर्थ. इथे बहुतेक वेळा कुणी काही दिलेलेच नसते. ते न विचारता घेतलेले असते. घेणाऱ्याने देणाऱ्याचा भलेपणा परस्पर जाहीर करून टाकायचा, आणि देणाऱ्याचे नावही घ्यायचे नाही, ही रीत आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की ती दिसतच नाही.

ती किती खोल गेली आहे याची मोजदाद झालेली आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय वृत्तवाहिन्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चोवीस तास चालणाऱ्या आठ वाहिन्यांचे तीन आठवड्यांचे प्रक्षेपण संशोधकांनी बसून पाहिले. सामान्य लोकांनी टिपलेले सरासरी ११ तुकडे प्रत्येक वाहिनी रोज वापरत होती. त्यातल्या ७२ टक्के तुकड्यांबाबत ते बाहेरच्या कुणीतरी टिपलेले आहेत असे प्रेक्षकाला सांगितलेच गेले नव्हते. टीव्हीच्या पडद्यावर श्रेय मिळाले होते फक्त १६ टक्के तुकड्यांना. हा अभ्यास आता जुना झाला, पण तो ज्या वाहिन्यांचा होता त्या साधनांनी संपन्न, नियमावल्या बाळगणाऱ्या, प्रतिष्ठित वाहिन्या होत्या. म्हणून कर्मचारी कमी पडतात हे कारण मला पटत नाही.

बातमीचा पाया काय असतो? काय झाले, कुठे झाले, केव्हा झाले, आणि हे कोण सांगते आहे. वार्ताहर घटनास्थळी गेला तर त्याचे नाव, पद आणि ठिकाण पडद्यावर झळकते, कारण ‘मी इथे उभा आहे आणि हे पाहतो आहे’ ही त्याची साक्ष असते. मग त्याच घटनेचे चित्रण खिडकीत उभ्या असलेल्या एखाद्या बाईने केले असेल, तर साक्षीदार ती आहे. तिचे नाव गाळले की प्रेक्षकाला चित्र मिळते, पण साक्ष कुणाची ते कळत नाही. श्रेय देण्याकडे मी उपकार किंवा शिष्टाचार म्हणून पाहत नाही ते यामुळे. ज्या बातमीत चित्र कुणाचे हे सांगितलेले नाही, ती बातमी अपुरी आहे.

अपुरी बातमी चूक व्हायला वेळ लागत नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. डॅनिएल मोरेल हा तिथलाच छायाचित्रकार राजधानीत होता. त्या संध्याकाळी त्याने आपली छायाचित्रे ट्विटरला जोडलेल्या ट्विटपिक या सेवेवर टाकली. दुसऱ्या एका माणसाने ती उचलून आपलीच म्हणून पुन्हा टाकली. फ्रान्सच्या एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्या दुसऱ्या माणसाकडून घेतली, त्याच्या नावाने जगभर पाठवली, आणि गेटी इमेजेस या छायाचित्रे विकणाऱ्या कंपनीमार्फत ती पुढे गेली. ढिगाऱ्यात उभे राहून ज्याने काम केले त्याचे नाव गेले, आणि ज्याने नुसते बटण दाबले त्याचे नाव वृत्तपत्रांत छापून आले. पुढे वाद झाला तेव्हा न्यायालयात आधी गेली ती वृत्तसंस्था, छायाचित्रकाराच्या विरोधात. ट्विटरच्या अटींमुळे ही छायाचित्रे वापरायची मुभा आपल्याला होतीच, असे तिचे म्हणणे होते. न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने २०१३ मध्ये ते फेटाळले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने मोरेलला १२ लाख डॉलरची भरपाई ठरवून दिली. आठ छायाचित्रांसाठी.

या खटल्याबद्दल बोलताना लोक रकमेबद्दल बोलतात. मला त्यातली आधीची पायरी महत्त्वाची वाटते. ‘हे तुम्ही काढले आहे का, मूळ फाइल दाखवता का?’ असा एक प्रश्न त्या दुसऱ्या माणसाला विचारला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. नाव शोधणे आणि बातमी पडताळणे ही दोन वेगळी कामे नाहीत. खऱ्या कर्त्यापर्यंत पोचल्याशिवाय चित्रण खरे की जुने, याच ठिकाणचे की दुसरीकडचे, हे कळत नाही. ‘व्हायरल व्हिडिओ, आम्ही याची पुष्टी करत नाही’ अशी पट्टी लावून जे दाखवले जाते, त्यात बहुतेकदा कर्त्याला शोधायचे कष्टच घेतलेले नसतात.

बातमीच्या पलीकडे मनोरंजनाच्या कार्यक्रमांत तर घाईचीही सबब नसते. जलाया हार्मन या १४ वर्षांच्या मुलीने २०१९ मध्ये ‘रेनेगेड’ नावाचा नाच रचला. तो टिकटॉकवर कोट्यवधी लोकांनी केला, काहींनी त्यावर प्रसिद्धी मिळवली, आणि तो रचणारी मुलगी मात्र कुणाला माहीत नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तिच्यावर लिहिले तेव्हा तिचे नाव जगाला कळले. हे सगळे इतके गाजल्यानंतर, मार्च २०२१ मध्ये, अमेरिकी टीव्हीवरच्या जिमी फॅलनच्या रात्रीच्या कार्यक्रमात टिकटॉकवरची एक लोकप्रिय कलाकार आली आणि तिने टिकटॉकवरचे आठ नाच ओळीने करून दाखवले. ते कुणी रचले याचा कार्यक्रमात उल्लेख झाला नाही. टीका झाल्यावर पुढच्या महिन्यात त्याच कार्यक्रमात मूळ रचनाकारांना दूरसंवादाने बोलावले गेले आणि त्यांनी आपापले नाच स्वतः केले. चूक सुधारली गेली, हे चांगलेच झाले. पण त्या पहिल्या भागाची तयारी झाली होती, तालीम झाली होती, प्रत्येक नाचाचे नाव लिहिलेली पाटी हातात धरलेली होती. पाटीवर आणखी दोन शब्द मावले असते.

त्या दोन शब्दांची किंमत बाहेरून कळत नाही. पगारदार माणसाला दरमहा काम आणि नाव दोन्ही मिळते. स्वतंत्रपणे काही करून इंटरनेटवर टाकणाऱ्याला त्याचे नाव हेच भांडवल असते. ते नाव पाहून कुणी शोधते, त्याची बाकीची कामे पाहते, पुढचे काम देते. एखाद्याने महिनाभर खपून समुद्राच्या भरती-ओहोटीचे ॲनिमेशन केले, ते एका वाहिनीने २० सेकंद दाखवले आणि लाखो लोकांनी पाहिले, तर त्या लाखोंपैकी एकालाही कर्त्यापर्यंत पोचायची वाट उरत नाही. उलट काही दिवसांनी त्यालाच लोक विचारतात, ‘हे तुम्ही त्या वाहिनीवरून घेतले का?’ आपल्याच कामाची चोरी केल्याचा आळ अंगावर घेऊन खुलासे करत बसलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि थकवा जास्त होता.

मराठी वाचकाला नावाचे हे मोल नव्याने सांगायची गरज पडू नये. आपल्या संतकवींनी नाव अभंगाच्या आत विणून ठेवले. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा ओळीच्या वजनात बसलेली असते. ती गाळली तर ओळ मोडते, म्हणून तोंडोतोंडी जाणाऱ्या रचनेतही नाव टिकले. ‘दासी जनी’ अशी सही करणाऱ्या स्त्रीचे नाव दुसऱ्या कुठल्या कागदावर कुणी लिहून ठेवले असते, असे मला वाटत नाही. व्हिडिओवर नाव उमटवणारा आजचा क्रिएटर हेच करू पाहतो. त्याची अडचण एवढीच, की त्याचे नाव ओळीत विणता येत नाही, ते कोपऱ्यात राहते. आणि कोपरा कापता येतो.

आता वेळ नसण्याबद्दल. प्रक्षेपणात सेकंदाला किंमत असते हे मला मान्य आहे. ते दडपण मी अंगावर घेतले आहे. पण याच वाहिन्यांमध्ये एक काम वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते, त्याचे नाव क्यू शीट. कार्यक्रमात कुठले संगीत वाजले, संगीतकार कोण, प्रकाशक कोण, ते किती सेकंद वाजले, पार्श्वभूमीला होते की पुढे, याची नोंद त्या तक्त्यात होते. त्यावरून संगीतकारांच्या संस्था मानधन वाटतात. १२ सेकंदांच्या धूनचीसुद्धा नोंद होते. ही शिस्त वाहिन्यांना आपोआप सुचलेली नाही. संगीतकार संघटित होते, त्यांच्या संस्था हिशेब मागत होत्या, म्हणून ती बसली. म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या कर्त्याचे नाव टिपून ठेवणे अशक्य आहे, असे कुणी म्हटले तर त्याच इमारतीतल्या दुसऱ्या खोलीत ते रोज होते आहे. फरक एवढाच की धूनमागे संस्था उभी आहे आणि व्हिडिओमागे एकटा माणूस.

दुसरीकडे, त्याच एकट्या माणसाने वाहिनीच्या बातमीतले दहा सेकंद आपल्या व्हिडिओत टीका करण्यासाठी वापरले तर काय होते? यूट्यूबवर २००७ पासून कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आहे. नोंद केलेल्या साहित्याशी जुळणारे तुकडे ती आपोआप शोधते. ही यंत्रणा मोठा साठा असलेल्या हक्कधारकांना मिळते, एकट्यादुकट्याला मिळत नाही. शिवाय हक्कधारक तक्रार करू शकतो आणि ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या ताकिदी, आल्या तर चॅनलच बंद होऊ शकते. वाहिनीचे साहित्य यंत्र राखते. क्रिएटरचे साहित्य त्याने स्वतः टीव्ही पाहत बसून, किंवा एखाद्या मित्राने ‘तुझा व्हिडिओ दिसला’ म्हणून फोन केला तर, राखायचे. वाहिन्यांनी आपले हक्क जपू नयेत असे मी म्हणत नाही. आपल्या दहा सेकंदांची जेवढी जाण आहे तेवढीच दुसऱ्याच्या दहा सेकंदांची हवी.

कायदा काय म्हणतो, हा प्रश्न यावर हमखास येतो. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांसाठी १८८६ मध्ये झालेल्या बर्न करारात १९२८च्या रोम परिषदेत ‘६ बिस’ हे कलम आले. आर्थिक हक्क विकून टाकले तरी ‘ही कृती माझी’ असे म्हणायचा हक्क कर्त्याकडे राहतो, असे ते सांगते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५७ याच धर्तीचे आहे. पण बातमीचा विषय आला की अनेक कायदे सैल होतात. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्यात चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी योग्य वापराची मुभा आहे आणि श्रेय द्यायला हवे असेही म्हटले आहे. मात्र प्रक्षेपणात ते व्यवहारतः अशक्य असेल तर सूट आहे. अमेरिकेत तर नावाचा सर्वसाधारण हक्कच नाही. १९९० पासून तो काही विशिष्ट दृश्यकलाकृतींपुरता आहे. म्हणून कायद्याच्या भरवशावर हा प्रश्न सोडणे मला पटत नाही. खटला चालवायला वर्षे आणि वकील लागतात. मोरेलला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तो व्यावसायिक छायाचित्रकार होता.

बर्न करारातच एक अगदी बारीक शब्दयोजना आहे. उद्धरण घेताना मूळ स्रोत सांगावा आणि कर्त्याचे नावही सांगावे, ‘ते त्यावर असेल तर’. नाव कृतीवर दिसत असेल तर ते द्यायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. मी फ्रेम १२० टक्क्यांवर नेत होतो तेव्हा नेमके हेच ‘असेल तर’ पुसत होतो. अमेरिकेने १९९८च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात कृतीसोबत असलेली कर्त्याची माहिती उल्लंघन झाकण्यासाठी जाणूनबुजून काढून टाकणे हाच वेगळा गुन्हा मानला, आणि दर उल्लंघनामागे २,५०० ते २५,००० डॉलर भरपाईची तरतूद केली. या एका बाबतीत मला तो कायदा सगळ्यांत नेमका वाटतो. नाव द्यायला विसरणे ही चूक असू शकते. असलेले नाव कापणे ही विसरभोळ्या माणसाची कृती नसते, त्यासाठी हात चालवावा लागतो.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकजण नेहमी म्हणतो, नाव दिल्याने माणूस अडचणीत येतो त्याचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी बाजूला सारणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंग्य-साप्ताहिकावरच्या हल्ल्यानंतर एका पोलिसाला रस्त्यावर ठार मारले गेले, ते एका माणसाने खिडकीतून चित्रित केले आणि फेसबुकवर टाकले. १५ मिनिटांत त्याला पश्चात्ताप झाला, त्याने ते काढले. तोवर ते उचलले गेले होते आणि तासाभरात त्याने ते टीव्हीवर पाहिले. अशा माणसाला नाव नको असते. त्याला ते चित्रणच दाखवायला नको असते. दडपशाहीच्या राजवटीत मोर्चा टिपणाऱ्या मुलीचे नाव पडद्यावर आले तर तिच्या दारावर थाप पडू शकते. म्हणून माझे म्हणणे नाव छापा इथे सुरू होत नाही. ते विचारा इथे सुरू होते. वापरू का, आणि वापरले तर नाव कसे देऊ : खरे, टोपण, की अजिबात नको? ‘नाव न देण्याची त्यांची विनंती आहे’ हे वाक्यसुद्धा पूर्ण श्रेय आहे, कारण त्यात माणूस दिसतो. घाबरलेल्या, जखमी, अजून धोक्यात असलेल्या माणसाला विचारायचे तर आधी ‘तुम्ही सुरक्षित आहात ना’ हे विचारायचे, मग व्हिडिओचे. हे सांगावे लागते, कारण मोठ्या घटनेच्या वेळी एकाच साक्षीदाराच्या पोस्टखाली डझनावारी वाहिन्यांचे ‘आम्ही वापरू का?’ असे निरोप रांगेने पडलेले मी वाचले आहेत.

आणि श्रेय म्हणजे मोबदला नव्हे, हेही स्पष्ट असावे. ‘तुमचे नाव दिले की, मग पैसे कसले?’ हे वाक्य मी कानांनी ऐकले आहे. जाहिरातींच्या मधल्या वेळात जे दाखवून वाहिनी कमावते, त्यातला वाटा मागणे गैर नाही. नाव ही किमान गोष्ट. ती दिली म्हणून पैसे कापून घ्यायचे नसतात.

व्यवहारात काय करता येईल, याची कल्पना मला टेबलवर बसूनच आली. बातमीच्या पट्ट्यांसाठी न्यूजरूममध्ये ज्याला ॲस्टन म्हणतात, तो साचा आधीच तयार असतो. त्यात ‘चित्रण’ असा एक रकाना कायम असला आणि तो रिकामा ठेवून तुकडा पुढेच जाणार नाही अशी सोय केली, तर नाव विचारणे हे कुणा एकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही. तुकडा जितका वेळ चालतो तितका वेळ नाव राहावे; दोन सेकंद चमकून गेलेले बारीक अक्षर कुणी वाचत नाही. रेडिओवर ते बोलून सांगावे. बातमी वेबसाइटवर गेली की तिथे मूळ कामाचा दुवा द्यावा.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती संग्रहाची, कारण तिथे कुणाचे लक्षच नसते. आज दाखवलेला तुकडा वाहिनीच्या साठ्यात जातो. वर्षपूर्तीला, निवडणुकीच्या वेळी, एखाद्या माहितीपटात तो पुन्हा बाहेर येतो. साठ्यात जाताना त्याची नोंद ‘सोशल मीडिया फुटेज’ अशी झाली, की कर्ता कायमचा गेला. पुढच्या पिढीच्या एडिटरला तो वाहिनीचाच माल वाटतो, आणि तो दुसऱ्या वाहिनीला विकलाही जातो. फाइलसोबत कर्त्याची माहिती फिरत राहावी यासाठी ॲडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आणि इतरांनी २०२१ मध्ये सी२पीए नावाचा समान नमुना तयार करायला घेतला. तो हळूहळू पसरतो आहे. पण संग्रहातल्या नोंदवहीत एक नाव टाइप करायला त्याची वाट पाहायची गरज नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्या असाइनमेंट डेस्कवर एक नवी मुलगी आली होती. वादळात कोसळणाऱ्या एका मनोऱ्याचा व्हिडिओ मी कापायला घेतला, तेव्हा तिने मला थांबवले आणि ज्याने तो टाकला होता त्याला निरोप पाठवला : ‘वापरायची परवानगी द्याल का, आणि नाव कसे लिहू?’ चार मिनिटांत उत्तर आले. परवानगी होती, नाव होते, आणि सोबत मूळ फाइलही होती, आमच्याजवळच्या प्रतीपेक्षा कितीतरी स्पष्ट. तिच्यात मनोरा पडायच्या आधीची ४० सेकंदेही होती. ती कुठल्याच वाहिनीकडे नव्हती, कारण दुसऱ्या कुणी विचारलेच नव्हते.